तांबड्या दाण्याचं यशस्वी जतन

जी गोष्ट टिकवायची असते ती वापरात आणू नये, हा सार्वजनिक कार्याचा पाया आहे. वापरलेली वस्तू झिजते, हरवते, कुणीतरी मागून नेतो आणि परत करत नाही. बियाण्याच्या बाबतीत तर हा धोका फारच वाढतो, कारण पेरलेलं बी मुळात उरतच नाही. (उगवतं ते वेगळं. त्याला बी म्हणत नाहीत, रोप म्हणतात, आणि रोप गुरं खातात.) हे तत्त्व ज्यांना पुरतं उमगलं अशा मोजक्या संस्थांत टेकडीकर अन्न व भूमी पुनरुज्जीवन समितीचं नाव आदराने घ्यावं लागेल, आणि समितीत चिटणीसांचं.

चिटणीस पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसाला दोन गोष्टींची जाणीव होते, एक गुडघे आणि दुसरी मुळं. गुडघ्यांवर इलाज नव्हता म्हणून ते मुळांकडे वळले. त्यांचे आजोबा टेकडीवरून शहरात उतरलेले. समितीतल्या सगळ्यांचेच आजोबा-पणजोबा केव्हा ना केव्हा उतरले होते, कारण सरकारला लाकूड हवं होतं आणि टेकडीकर नेमके झाडांच्या मधोमध राहत होते. आता सरकारने ती उतारावरची जमीन सन्मानपूर्वक परत केली होती. (लाकूड संपलं होतं.)

अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. भूगोलाच्या बाई शाळेत शिकवत आणि टेकडी नकाशावर डोळे मिटून दाखवत. खजिनदाराचं ढाली, चषक आणि सन्मानचिन्हांचं दुकान होतं, त्यामुळे त्याला सगळे ट्रॉफीवाला म्हणत. सभासदांची शास्त्रशुद्ध पाहणी झाली तेव्हा असं आढळलं, की शंभरातल्या ब्याण्णवांना मातीची ओढ वाटते, सातांना मातीची ॲलर्जी आहे आणि एकाने प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला.

"आपले पूर्वज सगळं एकमताने करायचे," असं अध्यक्षांनी पहिल्याच सभेत सांगितलं आणि ते एकमताने मान्य झालं. (पूर्वजांना विचारायची सोय नव्हती.) तेव्हापासून समितीत मतदान नाही. एकाचीही मान आडवी हलली की ठराव बारगळे. या पद्धतीने समितीने पहिल्या वर्षात टोपीचा रंग ठरवला. ही घाई झाली असं बाईंचं मत होतं, पण त्यांनी मोठ्या मनाने मान उभी हलवली.

बियाणं मात्र एकाच घरी शिल्लक होतं, चिटणीसांच्या आत्याकडे. आत्या जिभेने तिखट आणि टीव्हीपुढून न हलणारी. तिच्या आईने मरताना तिचा हात धरून "हे सोडू नकोस" एवढंच सांगितलं होतं. आईच्या मनात टेकडी होती, बी होतं की तो हातच, हे आत्याला कधी कळलं नाही. हाताशी बी होतं, म्हणून तिने ते धरून ठेवलं. घरामागच्या चिंचोळ्या जागेत ती चार ओळी पेरायची आणि बी नवं करून ठेवायची. चार ओळींत बियाण्यापुरतं पिकतं, घासापुरतं नाही. मग घरमालकाला गाड्या लावायला जागा कमी पडली आणि चार ओळींवर सिमेंट आलं. तेव्हापासून ते तांबडे दाणे एका वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात पडून होते.

"लगेच पेर," तिने तुंबा चिटणीसांच्या मांडीवर ठेवत बजावलं. "बी पण म्हातारं होतं. आणि पिकलं की एक घास मला आणून दे."

"कसं लागतं गं ते, आत्या?"

"आठवत असतं तर तुझ्या समितीच्या नादाला लागले असते का? त्यासाठीच तर खायचंय."

चिटणीसांचे डोळे भरून आले. "पहिला घास तुझा, आत्या," ते म्हणाले, आणि ते त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. समितीत सगळ्यांना सगळंच मनापासून वाटत असे. त्या बाबतीत बोट ठेवायला जागा नव्हती.

तुंबा सभेत टेबलावर ठेवला तेव्हा अध्यक्षांनी बूट काढले. बाई रडल्या. त्या भरात चिटणीसांना आयुष्यातली एकमेव सूचना सुचली, ती अशी, की ज्या अधिकाऱ्याने जमीन परत केली त्याला चार दाणे पारदर्शक रेझिनमध्ये बसवून भेट द्यावेत. सुबक पेपरवेट होईल, आणि हा दाणा मग कधीच नष्ट होणार नाही.

"रेझिनमध्ये शंभर वर्षं काही होत नाही," ट्रॉफीवाला म्हणाला. "कीड नाही, बुरशी नाही. काही म्हणजे काहीच होत नाही."

ठराव चहा येण्याआधी मंजूर झाला. समितीच्या इतिहासात असं पूर्वी घडलं नव्हतं. पुढचं सगळं ओघानेच आलं. धाकट्या साहेबाला दिलं म्हणजे थोरल्याला देणं आलं. साहेबांना दिलं तर ज्यांनी हॉल फुकट दिला त्यांनी काय पाप केलं? आणि बाहेरच्यांना देऊन घरच्यांना उपाशी ठेवायचं हे टेकडीकरांच्या संस्कृतीत बसत नाही, असं ज्यांना पेपरवेट मिळालं नव्हतं त्यांना वाटू लागलं. पेरणीचा ठराव आला की त्यांच्या माना आडव्या हलत. एकमतासाठी त्यांनाही देणं भाग पडलं. ट्रॉफीवाल्याने हौसेने, पदरमोड करून, प्रत्येकाचं नाव खाली कोरून दिलं. शेवटच्या माणसाच्या हातात पेपरवेट पडलं त्याच सभेत पेरणीचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला.

"अहो, सगळ्यांना वाटत सुटलात," चिटणीसांची बायको म्हणाली, "पेरायला काढून ठेवलंय ना?"

"ट्रॉफीवाल्याकडे आहे," चिटणीसांनी सांगितलं. (ट्रॉफीवाल्याच्या बायकोनेही त्याला हेच विचारलं होतं. त्याने सांगितलं, चिटणीसांकडे आहे. सहकार्य यालाच म्हणतात.)

पेरणीच्या दिवशी सगळे टेकडीवर गेले. आणि इथे थट्टा बाजूला ठेवून सांगायला हवं, की त्या दिवशी त्या माणसांनी काम केलं. दातांच्या डॉक्टरांनी कुदळ धरली. बाईंनी दगड वेचले. ॲलर्जीवाले शिंकत शिंकत काटेरी झुडपं उपटत होते. हाताला फोड आले तसे लोक ते एकमेकांना पदक मिळाल्यासारखे दाखवू लागले. दुपारपर्यंत उतारावर सरळ, भुसभुशीत वाफे तयार झाले. चिटणीसांनी त्यात हात घातला तर माती आत गार होती. आपण इथले आहोत, असं त्यांना जन्मात पहिल्यांदा कुणी न सांगता वाटलं.

तेवढ्यात आत्या जीपमधून आली. तिला खुर्ची दिली. तिने वाफे पाहिले, खूश झाली, आणि म्हणाली, "छान केलंत रे. आणा बी."

चिटणीसांनी ट्रॉफीवाल्याकडे पाहिलं. ट्रॉफीवाल्याने चिटणीसांकडे पाहिलं. दोघांनी मिळून अध्यक्षांकडे पाहिलं. सगळ्यांच्या सगळं एकदमच लक्षात आलं, आणि हेही एकमताने.

कुणीतरी काहीतरी द्यायला हवं, म्हणून चिटणीसांनी पिशवीतून स्वतःचं पेपरवेट काढून आत्याच्या हातात ठेवलं. तिने ते उन्हात धरलं, मग कानाशी नेऊन हलवलं.

"हे उगवतं कसं?"

"उगवत नाही, आत्याबाई," अध्यक्ष हळूच म्हणाले. "पण खराबही होत नाही."

"असे दोन जावई आहेत मला," आत्या म्हणाली.

कुणी हसलं नाही. मग काही न बोलता तिने पेपरवेट चिटणीसांच्या हातात परत ठेवलं. आत्याला गप्प बसलेलं चिटणीसांनी कधी पाहिलं नव्हतं, त्यांना ते बघवेना. खुर्चीसकट तिला जीपमध्ये बसवलं आणि सगळे उतरले.

घरी येऊन चिटणीसांनी मोरीत बसून पेपरवेटवर हातोडी चालवली. निम्म्या दाण्यांचं पीठ झालं. उरलेले त्यांनी ओल्या फडक्यात बांधले, उशाशी घेऊन झोपले, रोज फडकं भिजवलं. त्यांना कोंब आला नाही. रेझिन ओतताना तापतं, हे ट्रॉफीवाल्याला ठाऊक होतं. पण बी उगवायचं असतं, हे त्याच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांनी त्याला कधी सांगितलं नव्हतं. राहिलेलं पीठ चिटणीसांनी बोटावर घेऊन जिभेला लावलं. तोंडभर दवाखान्याचा वास पसरला.

मग ते आत्याकडे गेले. ती टीव्ही पाहत होती.

"फोडलंस?"

"फोडलं."

"उगवलं?"

"नाही."

"चाखलंस तरी?"

"हो."

आत्याने टीव्हीचा आवाज बंद केला. "मग सांग की. कसं लागतं?"

"गोड लागतं, आत्या. छान गोड."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. "खोटारड्या," ती म्हणाली. "कडसर लागायचं ते. कडसर! मी थुंकून टाकायचे आणि आई पाठीत धपाटा घालायची." आणि ती तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणत, जीभ टाळूला लावून बघत, स्वतःशीच हसायला लागली. चिटणीसांना रडू फुटलं. आत्याने त्यांच्या पाठीवर एक सणसणीत धपाटा घातला आणि हात तिथेच राहू दिला.

वाफे तयार आहेत आणि बी नाही, अशा परिस्थितीत समितीने जाहीर आवाहन केलं: कुणाच्या घरी जुनं, मूळ बियाणं असेल, निदान त्याची माहिती असेल, तर कळवावं. प्रतिसाद भरघोस मिळाला. ज्यांचा टेकडीशी काडीचा संबंध नाही त्यांनीही लिहिलं. बियाणं एकाकडेही नव्हतं. मजकूर थोड्याफार फरकाने एकच होता: आजीला सगळं माहीत होतं, विचारायचं राहून गेलं. या सर्वांना घरबसल्या सभासद करून घेण्याचा ठराव चिटणीसांनी मांडला. तो अर्थातच संमत झाला.

आजी म्हटल्यावर, वाचकहो, तुमच्याही डोळ्यांपुढे कुणीतरी आलंच असेल. आजी नाही तर मावशी, नाही तर एखादी शेजारची म्हातारी. ती हयात असेल, तर वाचन इथेच थांबवा आणि तिला फोन करा.

अजून वाचताय? मग या, बसा. समितीला तुमच्यासारख्याच माणसांची गरज आहे.