गायकवाडजी आणि सहा फोडलेली पाकिटं

गायकवाडजी कुठल्याही खोलीत शिरले की लगेच बसत नसत. आधी खिशातून ऑक्सिजन मोजायचं यंत्र काढायचे, हवेत ऑक्सिजन किती टक्के आहे ते बघायचे आणि म्हणायचे, "बीस पॉइंट नौ! आता बसतो." एका लग्नात त्यांनी स्टेजवर चढून ही तपासणी केली आणि मगच आहेर दिला.

महूच्या फौजी घरात वाढलेले गायकवाडजी इंदूरच्या एका हॉस्पिटलात व्हेंटिलेटर दुरुस्त करायचे. मी नाशिकहून आलेला, त्यांच्या हाताखालचा प्रोबेशनवरचा इंजिनिअर. पहिल्याच दिवशी त्यांनी व्हेंटिलेटरमधला ऑक्सिजन मोजणारा जुना सेन्सर कापून माझ्यापुढे ठेवला.

"देखो भिया, हे दोन इलेक्ट्रोड. ऑक्सिजन आत आला की या चांदीवर येऊन इलेक्ट्रॉन मागतो. देतं कोण? हे शिसं. जितका ऑक्सिजन, तितका करंट. पण देता देता शिसं बिचारं झिजतं. ते खतम, की सेन्सर खतम."

शिशाबद्दल ते घरच्या माणसासारखं बोलत. मी नंदीबैलासारखी मान डोलावली.

पुढच्याच आठवड्यात ते सुट्टीवर असताना मी मागचं कपाट आवरायला घेतलं. सहा नवे सेन्सर हवाबंद पाकिटांत होते. मी हौसेनं सगळी पाकिटं फोडली, प्रत्येक सेन्सरवर सुबक लेबल चिकटवलं आणि ओळीनं मांडून ठेवले. मशीनला न जोडताही, कपाटातल्या साध्या हवेनंच त्यांचं शिसं झिजत राहिलं. वर्षभर ते कपाट कुणी उघडलं नाही; गरज पडली, तेव्हा चाचणीतच सहाही नापास झाले.

आमच्या विभागाच्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पैकेट किसने खोले?"

मी नापास सेन्सर गोळा करायला लागलो.

"मैंने, सर," गायकवाडजी म्हणाले. "उमर हो गई."

त्यांच्या रिटायरमेंटला महिना उरला होता आणि त्यांना मुदतवाढ हवी होती. बायको गेल्यापासून इंदूरबाहेरच्या राऊ गावातलं घर खायला उठतं, असं ते मलाच म्हणाले होते. मुदतवाढ अर्थातच मिळाली नाही. सगळं ठाऊक असून मी गप्प बसलो, याची आजही लाज वाटते.

शेवटी ते रिटायर झाल्यावर राऊला गेलो आणि दारातच कबुली दिली.

"ठाऊक आहे रे. लेबलवर अक्षर तुझंच होतं. तुझी नोकरी नवी, माझी संपत आलेली. चल, पोहे खा. दर इतवारी येत जा."

"नक्की," मी म्हणालो. तीन रविवार गेलो. चौथ्या रविवारी कंटाळा केला, फोनसुद्धा केला नाही.

सोमवारी सकाळी त्यांचाच फोन आला. "तब्येत ठीक आहे ना भिया? दोन वाजेपर्यंत पोहे झाकून ठेवले होते. म्हटलं, रस्त्यात अडकला असशील."