नव्या सभागृहातले बाप्पा

मुलांनो, डोळे मिटा आणि झाशीतलं एक कॉलेज मनात आणा. कॉलेज कसलं, पावसाळ्यातला भोपळ्याचा वेल! यंदा इकडे प्रयोगशाळा, पुढच्या वर्षी तिकडे वसतिगृह.

तिथले बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, रमाकांत. शहरातल्या मराठी मंडळींचा गणपतीही तेच बसवायचे. यंदा कॉलेजचं नवं सभागृह होत आलं होतं, फक्त एक बाजू उघडी होती. प्राचार्य अशोकजींनी ते गणपतीसाठी दिलं आणि रमाकांतांना चेव आला. "एवढं सभागृह, अन् मूर्ती वीतभर? छे!" त्यांनी कारागिराला तिथेच बसवून शाडूची भलीथोरली मूर्ती घडवून घेतली.

विसर्जनाला ढोल वाजत आले आणि एकदम थांबले. उघड्या बाजूला आता पक्की भिंत होती आणि उरलेल्या दारातून बाप्पांचं पोटसुद्धा बाहेर पडेना. तशी ती भिंत रोज आरतीला येणाऱ्या सगळ्यांनी वर चढताना पाहिली होती. 'काम झपाट्यानं चाललंय हो,' असं कौतुकही केलं होतं.

ठेकेदार हात जोडून म्हणाला, "बाबूजी, भगवान भींज रए हते. सो हमने दीवार उठा दई."

"आता तीच पाडा!"

"खबरदार!" अशोकजी धावत आले. "कल मंत्रीजी उद्घाटन को आ रहे हैं. दीवार को हाथ लगा तो आप जानें, रमाकांतजी. और मूर्ति भी कल यहाँ न दिखे!"

"जरा तिरकी करून बघू," रमाकांत घाम पुसत म्हणाले.

"अहो, सोंड मोडेल!" रोज आरतीला येणाऱ्या दुर्गाकाकू कडाडल्या. "वीतभर मूर्ती नको होती ना? भोगा आता!"

तेवढ्यात रमाकांतांची नात मनस्वी त्यांचा सदरा ओढू लागली. "आजोबा, घरी आपण बाप्पाला बादलीत सोडतो ना? मग पाणी इथेच आणू या की!"

"एवढी बादली कुठून आणू, बेटा?"

"बादली हम बना देत हैं!" ठेकेदार विटा उचलतच म्हणाला.

बाप्पांभोवती विटांचा हौद उभा राहिला, आत ताडपत्री अंथरली गेली. आरती झाली. "पुढच्या वर्षी लवकर या!" म्हणत रमाकांतांनी पाण्याचा पाइप सोडला. बाप्पा हळूहळू विरघळू लागले आणि रमाकांतांचा जीव भांड्यात पडला.

सकाळी तो भांड्यातून पुन्हा बाहेर आला. सभागृहाच्या मधोमध फुलं तरंगणारं गढूळ तळं!

"पानी निकालो!" अशोकजी ओरडले.

"किते सें निकारें, साहब? नाली तो नक्शे में हती नईं," ठेकेदार म्हणाला.

तोवर मंत्रीजी कात्री घेऊन दारात हजर. "अरे, यह क्या है?"

अशोकजींनी रमाकांतांकडे पाहिलं. रमाकांतांनी छताकडे.

मनस्वी चपला काढून पुढे झाली. "अंकल, जूते बाहर! बाप्पा अभी गए नहीं हैं, घुल रहे हैं."

मंत्रीजींनी घाईघाईनं बूट काढले. मनस्वीनं त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली आणि तिथे खिरापत ठेवली.