गजाकाकांचा वेग कसा वाढला

एका जंगलात तळ्याचा बांध गळत होता. गळत म्हणजे काय मुलांनो, सरळ भगदाडच. बांधाच्या अगदी खाली साळूताई साळिंदराचं बीळ, आणि आत पिल्लं. काटे अजून मऊच.

गजाकाका हत्ती म्हणाले, मोठा दगड ढकलत आणतो, भोक बंद. संपला विषय.

पण विषय असा संपला तर मजा काय? सिंहमहाराजांनी नुकतेच परजंगलातून बगळेसर आणले होते, सगळ्यांना चपळ करायला. सरांनी टीम पाडल्या. हत्ती एक, खारी दुसरी, माकडं तिसरी. रोज सकाळी मीटिंग, तीसुद्धा एका पायावर. का? तर सर तसेच उभे राहतात.

मग आला बोर्ड. एक खेप, एक पॉइंट. खारींनी वाळूचा कणकण आणला, ढीगभर पॉइंट. माकडांनी तीच वाळू पलीकडे नेली, त्यांनाही तेवढेच. काकांचा दगड अजून वाटेतच. म्हणजे शून्य.

महाराजांनी काकांना सगळ्यांसमोर झापलं. एवढा देह, आणि हा वेग?

बगळेसर मात्र गोड बोलले. "काका, मोठं काम लहान तुकड्यांत तोडायचं असतं."

"अहो सर, दगड मोठा आहे म्हणून तर पाणी अडेल ना?" साळूताई म्हणाली.

"ताई, तुम्ही कुठल्या टीममध्ये?"

ती कुठल्याच टीममध्ये नव्हती. नुसती बांधाखाली राहायची.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग बोर्डाकडे पाहिलं. आणि दगड फोडून त्याची खडी केली.

दिवसभर सोंडेत एकेक खडा. संध्याकाळी बोर्डावर काका पहिले. टाळ्याच टाळ्या. साळूताई तिथे नव्हती. ती पिल्लांना एकेक करून टेकडीवर नेत होती. शेवटचं वर पोचलं आणि बांध फुटला. खडी गेली, वाळू गेली, बीळ गेलं, अख्खं तळं गेलं.

दुसऱ्या सकाळी मीटिंग, चिखलात, एका पायावर. काय काय छान झालं ते सांगा, सर म्हणाले. खारी म्हणाल्या, वेग. माकडं म्हणाली, टीमवर्क.

"तळं गेलं," साळूताई म्हणाली.

"ते पुढच्या मीटिंगला घेऊ." सर वाकले, चिखलात तडफडणारा एक मासा उचलून गिळला आणि समाधानानं म्हणाले, "मला विचाराल तर सगळंच छान झालं."

तात्पर्य: भोक बुजवत बसू नये, खेपा घालाव्यात. आणि तळं राखायला शिकवायला बगळाच बोलवावा, कारण त्या सगळ्या कामात मनापासून रस असलेला तो एकटाच असतो.