चिंगीचा निवाडा

मेहबूबचं मांजर दोनच महिने ठेवायचं ठरलं होतं. तिकोणा पेठेतला हा दुकानदार लेकीच्या बाळंतपणासाठी तळेगावला गेला आणि जाताना चिंगीला बजरंगआबांच्या ओसरीवर सोडून गेला. पहिल्या दिवशी आबांनी तिला काठी दाखवली. आठव्या दिवशी ती त्यांच्या घोंगडीत झोपली. (थंडी होती, असं आबांचं म्हणणं. महिना मे होता.) मेहबूबचा व्हिडिओ कॉल आला, की आबा तिच्यावर घोंगडी टाकत आणि "उंदरामागं गेलीया" म्हणून फोन बंद करत.

शेवटी मेहबूब पिशवी घेऊन दारात आला.

"आबा, द्या चिंगीला."

"न्हाई द्यायची. ती आता हितली झाली."

"आवो, माजं मांजर हाय ते!"

"मग निवाडा करू."

जनावर कुणाचं यावर भांडण झालं, की ते मधोमध सोडायचं आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी हाका मारायच्या. ज्याच्याकडे जाईल, त्याचं. आबांनी बैलांचे असे कैक तंटे मिटवले होते. मांजर बैलासारखं वागत नाही, एवढं मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

चिंगीला अंगणात सोडलं. एका टोकाला मेहबूब बसला, दुसऱ्या टोकाला आबा. पंच म्हणून आबांची बायको शालूबाई.

"ये गं माजी बाय, ये!" मेहबूबने साद घातली.

आबा गप्प. मांजराची मनधरणी करणं त्यांना शोभत नव्हतं.

चिंगी थेट आबांकडे निघाली. आबांची छाती फुगली. ती त्यांच्या मांडीवर चढली, बंडीच्या खिशात तोंड घातलं, आतला सुका बोंबील ओढून काढला आणि निवांत खायला मेहबूबच्या पायाशी जाऊन बसली.

आबांच्या गळ्यात वीस वर्षांची तुळशीची माळ. मासळीवाली दिसली तरी ते रस्ता बदलत.

"आवं, ह्यो बोंबील कुणासाठी?" शालूबाईने विचारलं.

आता एकतर मांजराला लाच दिली म्हणायचं, नाहीतर माळ मोडली म्हणायचं.

"माज्यासाठी," आबा ताठ मानेने म्हणाले. "मी खातो."

शालूबाईने पदर तोंडात कोंबला. मेहबूबचा चेहरा मात्र उजळला.

"आन् आमी येड्यावानी दर ईदला तुमाला वरणभात वाढतोय! रविवारी घरी या आबा. बोंबलाचं झणझणीत कालवण करायला सांगतो."

आबांनी चिंगीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाठ करून मिशा पुसत होती.

"किती वाजता येऊ?" आबांनी विचारलं.