उण्या आकड्याची बखर

श्री खडेश्वर समर्थ. धनीसाहेबांची आज्ञा जाहली की, घुबडदऱ्यात रायाजीरावांचे काय वर्तले ते मीठमसाला न लावता लिहोन धाडणे. त्याप्रमाणे सेवकाने डोळां देखिले तितके लिहितो, आणि रथाच्या छतास काचेचा डोळा बसविलेला असतो, तो पाहतो तैसा ऐकतोही, त्याने जपोन ठेविले ते, आणि रथातल्या दोघांनी मागाहून सांगितले तेही लिहितो.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, कार्तिक मासी राज्यात खडीच्या वाटांवरील तीन दिवसांची स्वारी मांडिली, आणि जगज्जेतेपदासाठी नऊ देशींचे सरदार आपापले रथ घेऊन आले. रयत या रथांस मोटार म्हणते. या स्वारीत शत्रू समोर नसतो. एकेक रथ दोन दोन मिनिटांनी सुटतो आणि लढाई खडीशी, दरीशी आणि घड्याळाशी. रथात माणसे दोनच. सरदार हाकितो आणि पंत शेजारी बसोन वही वाचितो, कारण त्या वेगात डोळ्यांच्या भरवशावर राहील तो मेला. पुढले वळण पंताच्या तोंडूनच कळावयाचे. स्वारीआधी दोन वेळ त्या वाटेने हळू जावयाची मुभा असते, तेव्हा सरदार वळण पाहोन आकडा बोलतो आणि पंत तो लिहितो. एक म्हणजे वळण कसले, गळफासच, रथ मुंगीच्या पायांनी न्यावा. सहा म्हणजे नावाचे वळण, वेगाच्या कळीवरला पाय न उचलता निघोन जावे. सरदार बोलेल तोच आकडा लिहावा, पंताने त्यात आपली अक्कल पाजळू नये, हा दंडक.

आमचे रायाजीराव ढमढेरे सरदार मोठे जिगरीचे, आणि त्यांचे पंत विसाजीपंत खांबेटे, माणूस सज्जन, अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे. गतसाली परमुलखात यांचा रथ चार कोलांट्या खाऊन ओढ्यात पडला, आणि रावांच्या तीन बरगड्या मोडल्या, आणि पंतांस काहीच जाहले नाही ऐसे वैद्य म्हणाले. वैद्यास काय कळते! त्या दिवसापासोन पंतांच्या पोटात भयाने बिऱ्हाड केले. घास गिळवेना, जिना उतरताना कठडा सोडवेना. पण सांगावे कोणास? भित्रा पंत कोणी रथात घेत नाही. मग पंतांनी करू नये ते केले. मुभेच्या दिवशी राव पाच बोलिले की पंतांनी चार लिहावे, चार बोलिले की तीन लिहावे, ऐशी अवघी वही एका आकड्याने उणी केली, आणि मनास समजाविले की यात कोणाचे काय जाते, दोन जीव तर वाचतील.

पहिल्या दिवशी राव वहीबरहुकूम गेले आणि पार मागे पडले. पण राव वाटेचे जाणते. चार ऐकोन वेग तोडावा आणि वळण मोकळेच निघावे, ऐसे दहाबारा वेळ जाहले, तेव्हा काय ते उमगले. तेथेच पुसावयाचे होते. पुसिले नाही. चारचौघांत पंतांची अब्रू जाईल हे एक, आणि खरे सांगावे तर पुसिल्यावर ओढ्याची गोष्ट निघती, आणि ती रावांसही नको होती. मग राव मनातल्या मनात प्रत्येक आकड्यात एक मिळवू लागले. पंतांनी चार म्हणावे, रावांनी पाच समजावे. दुसऱ्या दिवशी रथ ऐसा धावला की तिसरे स्थान आले आणि राज्यात साखर वाटिली. दोघे एकमेकांस हसोन दाखवीत होते आणि दोघेही लपवीत होते. सेवकास हे तेव्हाच कळते तर वाटेवर आडवा पडता, पण रथ सुटो न देता.

तिसरा दिवस वद्य पंचमी, रविवार. दोन प्रहरी शेवटली मजल, घुबडदरा, वाट सात कोसांची. तिसरे स्थान आल्यापासोन पंतांस त्यांचे मन खात होते. उणे वाचोनही राव तिसरे, मग खरे वाचितो तर पहिले येते. आपण सरदाराच्या ताटात माती कालविली. ऐसा पश्चात्ताप होऊन पंतांनी निश्चय केला की आता खरे वाचावे, वहीत चार असेल तेथे पाच म्हणावे. निश्चय उत्तम होता, पण तो सांगितला कोणासही नाही. मग रथ सुटला. कोसभर सरळ वाट, आणि मग खिंडीच्या तोंडाशी डावे वळण, आणि उजवे हाती दरी. पंत म्हणाले, "डावे पाच." राव मनात सहा म्हणाले आणि पाय उचलिला नाही.

सेवक त्याच वळणावर निशाण घेऊन उभा होता. रथाचा आवाज आला, आणि जेथे तो मंदावयास हवा तेथे मंदावेना. मग धूळ, मग रथ आडवा जाहला, आणि खडीवर चाके धरीनात, आणि रथ घसरत कडेस गेला आणि उजवी दोन्ही चाके दरीवर जाऊन पोटावर टेकला आणि डुलू लागला. कडेचे दगड सुटोन गेले, त्यांचा खाली पोचल्याचा आवाज आलाच नाही. रथ परदेशी रीतीचा, म्हणोन राव डावीकडे, वाटेच्या अंगास, आणि पंत उजवीकडे, दरीवर. राव दार उघडोन उतरते तर राव वाचते, आणि रथ पंतांसुद्धा खाली जाता. राव जागचे हलले नाहीत.

"पंत, वहीत काय लिहिलंय?"

"चार."

"वाचलंत पाच."

"सगळी वहीच उणी लिहिली, सरदार. भ्यालो होतो. आज म्हटलं, खरं वाचावं."

"आणि मी परवापासून एक मिळवतोय."

"मग मला विचारलं का नाहीत?"

"मीही भ्यालो."

रथ डुलला. पंत म्हणाले, "सरदार, उतरा. तुम्ही तरी उतरा."

"गप बसा. श्वाससुद्धा हळू घ्या."

सेवकाच्या जोडीदाराने लाल निशाण दाखवोन मागला रथ थोपविला, आणि सेवक ओरडत धावला, आणि डोंगरावर स्वारी पाहत बसलेली गावची माणसे भाकरी टाकोन खाली आली. एक म्हातारा ओरडला, "ह्या अंगाला लोंबा रं! मोटार गेली तर दोघं जातील!" मग वीसजण डाव्या अंगास लोंबले, आणि बायांनी त्याच अंगाच्या चाकांखाली धोंडे सारिले, आणि तसू तसू ओढीत रथ वाटेवर आणिला. खडीच्या स्वारीत ही जुनी रीत आहे. कोणाचा रथ, कोणत्या देशीचा, हे कोणी पुसत नाही.

पंतांनी वही मिटिली. "आता माझ्यानं वाचवत नाही."

"माझ्यानंही हाकवत नाही," राव म्हणाले. "पण इथून परत फिरलो तर आपण दोघं पुन्हा एका रथात बसणार नाही. मी सांगितला होता तो आकडा वाचा. आणि जिथं भीती वाटेल तिथं तीही वाचा."

मग रथ निघाला, आणि पुढले सहा कोस काचेच्या डोळ्याने ऐकिले ते ऐसे. "उजवे तीन. भीती वाटते." "मलाही." आणि रावांनी पाय उचलिला. "डावे चार. भीती वाटते." "मलाही." आणि पाय उचलिला. वळणे एकेचाळीस, त्यांपैकी अडतीस ठिकाणी हेच. शेवटी, मजल जेथे संपते ती वेस जवळ आली तेव्हा, पंतांनी वाचिले, "सरळ. पुढे वेस."

"भीती?" रावांनी पुसिले.

"आहे."

मग सरळ वाटेवर, घड्याळ पळत असता, नऊ देशींच्या लोकांदेखत रावांनी रथ पावलापावलाने वेशीत नेला.

येणेप्रमाणे तिसरे स्थान गेले, एकोणिसावे आले, आणि ढमढेऱ्यांचा रथ बैलगाडीस वाट देत आला ऐसी राज्यात टवाळी जाहली. वेशीत पंतांचे हात ऐसे कापत होते की त्यांस आपले दार उघडेना. राव उतरले, रथास वळसा घालोन आले आणि ते बाहेरून उघडिले. घडले ते इतकेच.