भरीत पार्टीची होडी

लीलाधरनं बादली होडीत रिकामी केली आणि आतलं पाणी बघता बघता दोन्ही बाजूंनी बाहेर आलं. डिंपल पप्पांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"फळ्या नव्या आहेत. बसायला वेळ लागतो," लीलाधर म्हणाला.

"पप्पा, पार्टी उद्या आहे."

जळगावात पाइप विकणाऱ्या या माणसाच्या हाताला म्हणून यश नव्हतं. त्यानं केलेला पाट डुलायचा, आणि त्यानं टांगलेला झोका एका पाव्हण्याला घेऊनच खाली आला होता. त्याच्या हातांवर विश्वास असलेलं घरात एकच माणूस उरलं होतं, आणि ते चौथीत होतं. दोन महिने दर शनिवारी बाप-लेक बोदवडजवळच्या शेतावर येऊन सागाच्या फळ्या ठोकत होते. मैत्रिणींना भरीत पार्टीचं आवतण देताना डिंपलनं सांगून टाकलं होतं, की पप्पांनी केलेल्या होडीतून मी शेततळं ओलांडणार. स्वतःच्या फजितीची लीलाधरला सवय होती. पोरीची फजिती मात्र त्याला सोसणार नव्हती.

"सकाळी बोदवडहून डांबर आणून फटी बुजवतो," तो म्हणाला आणि होडी निथळायला शेतातल्या खोलीपुढे ठेवून दिली.

रविवारी बोदवडची दुकानं बंद. लीलाधर हात हलवत परतला, तोवर शेतात सगळं गणगोत जमलं होतं. कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी तडतडत होती. आणि होडीभोवती तीन बाया बसल्या होत्या, मधोमध त्याची आई, लताबाई, कोपरापर्यंत पिठात.

"आई, हे काय करून राह्यली?"

"भाकरीचा कळणा मळून राह्यली, दिसत नाही का? पराती पुरल्या नाहीत. बरं झालं बाप्पा, तू एवढी मोठी काठवट करून ठेवली. जलमात पहिल्यांदा कामाची वस्तू केली."

आता लताबाईंची तरी काय चूक? आयुष्यभर त्यांनी काठवटीत पीठ मळलं, होडीशी त्यांचा संबंध कधी आला? लाकडाची, मध्ये खोलगट, वर धुऊन ठेवलेली. काठवट नाही तर काय? लीलाधर खरं सांगणारच होता, पण चाळीस वर्षांत आईनं पहिल्यांदा चारचौघींत कौतुक केलं होतं. त्यानं पाण्याचा तांब्या आईपुढे सरकवला. डिंपलनं मात्र त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं भरीत-भाकरीचं ताट तसंच बाजूला सारलं.

जेवणं होईस्तोवर होडी उन्हात तापत पडली. कळण्यात ज्वारीबरोबर उडीद असतो आणि उडदाचं पीठ वाळलं की हातोड्यालाही ऐकत नाही.

"तुझी होडी कुठंय गं?" मैत्रिणींनी विचारलं. डिंपलचे डोळे भरून आले.

"चल, धुऊन तर काढू," लीलाधर हळूच म्हणाला.

दोघांनी होडी ओढत तळ्याच्या काठावर नेली. वरवरचं पीठ निघालं, पण फटींतलं काही केल्या हलेना. खरवडता खरवडता धक्का लागला आणि होडी घसरून पाण्यात गेली. लीलाधरनं डोळे मिटून घेतले.

"पप्पा, बघा तरी."

होडी तरंगत होती. तळ कोरडा ठणठणीत. लीलाधर आत उतरला, पाय आपटून पाहिले. पाण्याचा थेंब नाही. मग त्यानं होडीला लांब दोर बांधला, डिंपलच्या कमरेत ट्यूब अडकवली आणि वल्ही तिच्या हातात दिली.

पोरगी तळं ओलांडून पार गेली. मैत्रिणी टाळ्या पिटत काठानं धावत सुटल्या. लीलाधरला इतका आनंद झाला, की दोर धरून तो तिथंच रडला.

तेवढ्यात लताबाई आल्या. "लीला, माही काठवट पाण्यात कशी गेली रे?"

"आई, होडी आहे ती."

लताबाईंनी पैलतीरावरच्या नातीकडे बघून घेतलं. "असू दे होडी. फटींत कळणा कोनाचा आहे? मी मळला नसता त बुडली असती." आणि पुढच्या फेरीला त्या पदर खोचून स्वतःच होडीत बसल्या.

फेरी संपवून होडी काठाला लागली, तसे शेजारच्या शेतातले अभिमनभाऊ लीलाधरच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "झकास वस्तू केली गड्या. माझ्या पोरीच्या लग्नाला अशीच एक करून दे."

लीलाधरची छाती फुगली. "देतो की भाऊ. पण तुमच्याकडे शेततळं कुठंय?"

"तळ्याचं काय करू? पाचशे पानाचं लग्न आहे, पीठ मळायला काठवट नको का?"

लीलाधरचा चेहरा पडायच्या आत होडीतून डिंपल म्हणाली, "हो म्हणा पप्पा. लग्न झालं की वल्ही लावू."