हिरव्या शाईतला 'ना'

शनिवारी दुपारी टाचणीरावांनी एक छोटासा निर्णय घेतला: 'ना' या शब्दाच्या चिठ्ठ्यांचा खोका घरी न्यायचा. (टाचणीराव हे शब्दांची मुळं शोधणाऱ्या कोशाच्या कचेरीत पडलेलं नाव. खरं नाव छापलेलं बघायला बिचारे अकरा वर्षं तळमळत होते.) कचेरीचा नियमच होता, की ज्याच्या सह्या जास्त चिठ्ठ्यांवर, त्याचंच नाव प्रस्तावनेत. 'ना' आधी थोरल्या कारकुनांकडे होता. ते गेल्या वर्षी वारले आणि शब्द अर्धवट राहिला.

'ना' म्हणजे आपल्याकडे नकार, कोरियनमध्ये 'मी', जपानीत 'नाव', रशियनमध्ये 'वर'. घरी आल्या आल्या टाचणीरावांनी सगळ्यांना एकाच आईची लेकरं ठरवलं, निळ्या शाईत भराभर सह्या ठोकल्या आणि खोलीला कुलूप लावून जेवायला बसले.

परत येऊन बघतात तर कोरियन चिठ्ठीवर निळी सही खोडलेली! शेजारी हिरव्या शाईत लिहिलेलं: "याचं कूळ वेगळं." खाली थोरल्यांची सही. शाई अजून ओली होती.

टाचणीरावांनी बायकोला हाक मारली. "अगं, खोलीत कोण गेलं होतं?"

"किल्ली तुमच्याच खिशात आहे," बायको म्हणाली. "पण मघापासून आत कुणीतरी खोकतंय. चहा दोन कप टाकू की तीन?"

तेवढ्यात खुर्ची आपोआप मागे सरकली. थोरले छातीला चोळायचे त्या मलमाचा वास सुटला, आणि जपानी चिठ्ठीवर एकेक हिरवं अक्षर उमटू लागलं.

टाचणीरावांनी हात जोडले. "थोरले, पाया पडतो! एवढा एक शब्द माझा राहू द्या हो!"

कागदावर करकर झाली. "आधी मूळ शोधा."

बायकोने गुपचूप तिसरा कप टेबलावर ठेवला. बघता बघता तो रिकामा झाला.

सोमवारी टाचणीरावांनी खोका संपादकांपुढे ठेवला. संपादकांनी शांतपणे सह्या मोजल्या.

"हिरव्या चाळीस, निळी एक. प्रस्तावनेत थोरल्यांचं नाव."

"साहेब, अहो, ते वारलेत!"

"म्हणून काय झालं? सह्यांखाली कालची तारीख आहे; माणसाने रविवारची सुटीसुद्धा घेतली नाही. शिका जरा!"

टाचणीरावांना रडूच कोसळायचं बाकी होतं. "आणि माझं नाव?"

संपादकांनी 'सगळे एकाच आईची लेकरं' असं लिहिलेली ती एकुलती एक निळी चिठ्ठी वाचली आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"येईल की," ते म्हणाले. "शुद्धिपत्रात."